देव रागावतो तेव्हा

आमच्या घरात देवाच्या रागाचा विषय निघाला तो फराळाच्या ताटावर. गेल्या वर्षीची भाऊबीज. माझी आत्या वडिलांना ओवाळायला कोकणातून मुंबईला आली होती. आम्ही राहतो अँटॉप हिलला, केंद्र सरकारच्या वसाहतीत. बायको सरकारी कचेरीत आहे म्हणून ही जागा. नाहीतर मराठीच्या प्राध्यापकाला मुंबईत दोन खोल्या कोण देणार?

आत्या चिवड्यातले दाणे वेचत बसली होती आणि माझी मुलगी दारातल्या रांगोळीत ठिपके भरत होती. मुलगी सहा वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानामागे यंत्र आहे, त्यातून थोडेफार आवाज पोचतात. पण रांगोळीची पूड आत जाईल म्हणून त्या दिवशी आम्ही ते काढून ठेवले होते. तेवढ्यात जिन्याखाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. शेजारची पोरे कानांत बोटे घालून पळाली. आमची कन्या मान वरसुद्धा न करता ठिपके भरीत राहिली.

आत्याने सुस्कारा सोडला. म्हणाली, "बाबू, तुझ्या लग्नानंतर गोंधळ घालायचा राहिला तो राहिलाच. कुलस्वामिनीचा कोप असतो रे तो. लेकरं विसरली की आई आठवण करून देते."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. मी आत्याला कानाची आतली रचना, डॉक्टरांनी काढलेले आलेख, असले काहीबाही सांगत राहिलो. आत्या माझ्या बोलण्याला मान डोलवीत होती, पण तिला ते पटत नव्हते. रात्री दिवा मालवल्यावर बायकोने एकच विचारले, "खरंच असं काही असेल का हो?" मी "छे!" म्हणालो. ते फार घाईने म्हणालो हे आम्हा दोघांनाही कळले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशी आल्या. सारी इमारत त्यांना सिस्टरमावशी म्हणते. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. उमेदीची वर्षे त्यांनी इथल्याच, वडाळ्याच्या ॲकवर्थ महारोगी रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. आता मुलाकडे राहतात. नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे डबा येतो आणि दिवाळीत आमचा त्यांच्याकडे जातो. त्या वर्षी डबा परत करायच्या निमित्ताने त्या आल्या आणि बायकोचा चेहरा पाहून बसल्याच. सगळे ऐकून घेतले. मी जरा कडवटपणानेच म्हटले, "तुमचं बरं आहे, मावशी. तुमचा देव म्हणजे नुसतं प्रेम. त्याला कोप ठाऊक नाही."

मावशी हसल्या. "कोण म्हणतं ठाऊक नाही? आमच्या देवाला राग येतो की! सणकून येतो. पण तो कुणावर येतो, ते नीट वाचायला लागतं, सर."

त्या एका वाक्यामुळे मी हे वाचन सुरू केले. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा पंडित तर नाहीच; भाषेचा मास्तर आहे. म्हणून शब्दापासूनच सुरुवात केली.

मराठीत राग कुणालाही येतो. रुसवा लाडक्याचा असतो, संताप घरच्या माणसाचा. कोप मात्र मोठ्यांचाच. राजाचा कोप, ब्राह्मणाचा कोप, ग्रहांचा कोप, नाहीतर शरीरातल्या वातपित्ताचा प्रकोप. ज्याच्यापुढे आपले काही चालत नाही त्याच्या रागाला आपण कोप म्हणतो. देवीच्या रोगाला आपण सरळ 'देवी' असेच नाव दिले. भारतातून तो रोग १९७५ साली हटला, पण शब्दाची जरब उरली आहे. मराठी बायबलात हाच कोप शब्द जागोजाग येतो, आणि आपला वाचक तो वाचताना नकळत मरीआईचा गाडा डोळ्यांपुढे आणतो.

मूळ हिब्रू शब्द मात्र मोठा गंमतीचा निघाला. 'अफ' म्हणजे नाक, आणि 'अफ' म्हणजेच राग. रागावलेल्या माणसाच्या नाकपुड्या फुलतात, श्वास तापतो, त्यावरून हा अर्थ आला. आपल्याकडे एखाद्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो तसाच. आणि ज्या देवाला राग लवकर येत नाही त्याला हिब्रूत अक्षरशः 'लांब नाकाचा' म्हणतात! श्वास तापत तापत शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, असे समजावे. मराठी भाषांतरकारांनी त्याला 'मंदक्रोध' हा सुरेख शब्द योजला. मोशेला सीनाय पर्वतावर देवाने आपली ओळख करून दिली, तेव्हा दयाळूपणाच्या जोडीला हे लांब नाक आहे. राग आहेच, पण सावकाश येणारा आहे.

मावशी म्हणतात ते 'कुणावर' मला आमोस नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकात सापडले. हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला मेंढपाळ, तकोवा गावचा. याचा देव रागावला आहे तो पूजा राहिली म्हणून नव्हे. पूजा भरपूर चालली होती. सण होते, गाणी होती, वाद्ये होती. देव म्हणतो, मला त्यांचा तिटकारा आला आहे, ती थांबवा. राग कशाचा? तुम्ही वहाणांच्या जोडापायी गरिबाला विकता याचा. माप लहान करता, वजन मोठे करता, गव्हात भुसा मिसळता याचा. मापात पाप, हे आपण दुकानदाराला हसून म्हणतो. आमोसच्या देवाला ते हसण्यावारी नेता येत नाही. ऐन दिवाळी अंकात हे लिहिताना माझीही लेखणी जरा अडखळते, पण पुस्तकात आहे ते आहे.

ख्रिस्ती विचारवंत न्याय आणि कोप यांची सांगड घालतात ती बहुतेक इथे. ज्याला अन्याय पाहून राग येत नाही त्याला न्यायी कसे म्हणावे? वर्गात एक धटिंगण एका अशक्त मुलाला बडवतो आहे आणि मास्तर स्मित करीत बसले आहेत. अशा मास्तरांना आपण शांत म्हणत नाही, निर्दय म्हणतो. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टँशियस नावाच्या लॅटिन पंडिताने देवाच्या कोपावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याला उत्तर द्यायचे होते ते ग्रीक तत्त्वज्ञांना. त्यांचा देव इतका पूर्ण की त्याला कशाचे काही वाटतच नाही. लॅक्टँशियस म्हणतो, ज्याला राग येत नाही त्याला प्रेमही येत नाही; दोन्ही एकाच काळजातून निघतात. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, मार्शियन नावाच्या गृहस्थाने निराळा तोडगा काढला होता. जुन्या करारातला रागीट देव वेगळा आणि येशूचा प्रेमळ पिता वेगळा, असे म्हणून त्याने जुने पुस्तकच बाजूला काढले. रोमच्या मंडळीने १४४ सालाच्या सुमारास त्यालाच बाजूला काढले. आजही ख्रिस्ती नसलेले आपण बहुतेक लोक न कळत मार्शियनचे अनुयायी असतो. मी मावशींना जे बोललो तेही तेच होते.

इथवर मला सोपे गेले. अडले ते पुढे. जुलमी माणसावर देव रागावतो हे पटले. पण ज्याने काहीच केले नाही त्याचे काय? आणि शिक्षा किती? या ठिकाणी मला जो सोबती भेटला तो आपल्याच घरातला आहे, आणि आपण मराठी माणसे त्याला जवळजवळ विसरलो आहोत याची मला खंत वाटते.

नीलकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५, बुंदेलखंडात. घराणे कोकणस्थांचे, वाढले काशीत. न्यायशास्त्रात तयार झालेला हा विशीच्या आतबाहेरचा तरुण घाटावर उपदेश करणाऱ्या मिशनऱ्यांशी वाद घालायला जात असे. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची थोरवी गायिली होती. गोऱ्यांनी १८४४-४५ च्या सुमारास त्याला संस्कृतातच उत्तर लिहिले: 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. त्यातले आक्षेप आजही ताजे आहेत. तुमचा देव जीव नव्याने निर्माण करतो म्हणता. मग ज्या अर्भकाने अजून काही केलेच नाही ते आंधळे का जन्मते, दुखण्यात का तळमळते? मुक्या जनावरांनी कोणते पाप केले? आमच्याकडे निदान पूर्वजन्म तरी आहे. आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापांना कधीही न संपणारा नरक? सुधारण्यासाठी केलेली शिक्षा समजते; जिचा शेवटच नाही तिच्यात सुधारणा कुणाची आणि केव्हा होणार? मग हा न्याय की नुसता सूड?

हे वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. माझ्या घरातला प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका कोकणस्थ पोराने काशीत बसून, संस्कृतात, विचारून ठेवला होता.

पुढे जे घडले ते कादंबरीकारालाही सुचले नसते. वाद घालता घालता १८४८ साली याच नीलकंठशास्त्र्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. ते नेहेम्या गोरे झाले, पुढे धर्मगुरू झाले, पुण्याच्या पंचहौद मिशनशी त्यांचा संबंध आला. (पंचहौद म्हटले की आपल्याला १८९० सालचा चहा आणि त्यावरून झालेले ग्रामण्य एवढेच आठवते. तिथे चहाखेरीजही बरेच काही होते.) १८९५ साली मुंबईत त्यांचा अंत झाला. पण आपण घेतलेल्या आक्षेपांचे काय झाले? त्यांतले पुष्कळसे त्यांनी स्वतःच खोडून काढले; पुनर्जन्माविरुद्ध 'षड्दर्शनदर्पण' लिहिला. नरकाचा आक्षेप मात्र पुरता खोडला गेला नाही. नित्य शिक्षेची शंका आयुष्यभर त्यांना कुरतडत राहिली. धर्मसंस्थेचे मत त्यांनी मानले, पण ते मानणे सुखाचे नव्हते. मला या माणसाचा आदर वाटतो तो या शंकेमुळे. धर्म बदलूनही प्रश्नाला दगा न देणारी माणसे थोडी असतात.

पंडिता रमाबाईंना इंग्लंडात असताना ज्यांच्या लिखाणाने वाट दाखवली ते हेच गोरे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, वाँटेजचा. त्यांच्यामागे तर दैवी कोपाचा केवढा अनुभव होता! वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई, थोरली बहीण दुष्काळात एकामागून एक गेली, १८७४ च्या आगेमागे. हे कुटुंब तीर्थे करीत, पुराणे सांगीत हिंडत होते. अन्न संपत आले तरी देव प्रसन्न व्हावा म्हणून दानधर्म आणि अनुष्ठाने चालू होती. ही हकीकत रमाबाईंनी स्वतः पुढे १९०७ साली लिहून ठेवली. इतके करूनही देव बोलला नाही, तेव्हा मुलीच्या मनात काय उरले असेल? तीच मुलगी पुढे दुष्काळी मुलुखातून शेकडो मुली गोळा करून केडगावला आणते. दुष्काळ कुणाच्या पापाने पडला याचा निकाल लावीत ती बसली नाही; बैलगाड्या जोडल्या. मावशींच्या उशाशी जे पवित्र शास्त्र असते ते रमाबाईंनीच हिब्रू-ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत उतरवलेले. त्या गेल्यावर १९२४ साली ते छापून झाले.

युरोपात या प्रश्नाचा निकाल दुसऱ्याच भाषेत लावला गेला, आणि तो मला तितकासा भावत नाही. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ साली पुरा केलेल्या ग्रंथात मांडले की पाप म्हणजे देवाच्या मानाचे देणे. माणसाने ते बुडवले. फेडण्याची त्याची ऐपत नाही. म्हणून देवानेच माणूस होऊन क्रुसावर ते फेडले. सरंजामी जमान्यातला हा हिशेब चोख आहे, पण त्याला वहीखात्याचा वास येतो. पुढच्या प्रॉटेस्टंट उपदेशकांनी देण्याच्या जागी शिक्षा घातली: न्यायाधीशाने शिक्षा सुनावली आणि आसनावरून उतरून ती स्वतःच भोगली. मी मावशींना विचारले, "पटतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "कोर्टाचं मला कळत नाही. पोरानं शेजाऱ्याचं नुकसान केलं तर भरून कोण देतं? आई देते. रागावते आणि भरूनही देते." एवढे बोलून त्या मुलीच्या वेणीकडे वळल्या.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे अवघड जाऊ नये. रेव्हरंड टिळकांचा संताप आणि टिळकांची माया एकाच घरात, एकाच तासात कशी नांदत असे, हे त्या माउलीने किती हसत सांगितले आहे! टिळकांनी आपल्या भजनांत ख्रिस्ताला आई म्हटले, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असेही सांगितले. त्यांच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या. महापूर, सदोमाचा अग्नी, सगळे कोप त्यात आहेत. पण ते ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीत आले, आणि ओवीत आलेला कोप कितीही म्हटले तरी थोडा निवतो. अर्थात हे माझे मत. ओवी शिकवून पोट भरणाऱ्याचे मत म्हणून वाचकांनी ते तेवढ्यापुरते घ्यावे.

आता महारोगाकडे येतो, कारण मावशींचे सारे बोलणे शेवटी तिथे येते. त्यांचे रुग्णालय १८९० सालचे. म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ याने बेघर महारोग्यांसाठी ते उभारले. तेव्हा त्या जागेला माटुंगा म्हणत. मराठीच्या विद्यार्थ्यांना ॲकवर्थ दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. शाळिग्रामांच्या जोडीने ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली छापणारा तो हाच. एका हाताने पोवाडे आणि दुसऱ्या हाताने महारोगी गोळा करणारा हा इंग्रज मला नेहमी कुतूहलाचा वाटत आला आहे. तेव्हा हान्सेनने रोगाचा जंतू दाखवून (१८७३) सतरा वर्षे झाली होती. पण लोकांच्या मनात जंतू नव्हता, कोप होता. आपल्या पुराणात सांबाला कृष्णाच्या शापाने कोड भरते. बायबलात मोशेविरुद्ध बोलणाऱ्या मिर्यामेचे अंग पांढरे पडते. याबाबतीत दोन्ही घरी एकच चूल.

मावशी सांगतात, "आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारायचा: सिस्टर, मी काय पाप केलं? गोळ्या देता यायच्या. बोटं वाचवता यायची. याचं उत्तर कुठल्या शिशीत नव्हतं. घरच्यांनी टाकलेलं असायचं. मी म्हणायची, बाबा, तुझ्यावर कोप झालाय खरा, पण तो माणसांचा. देवाला तुझ्यापेक्षा तुझ्या घरच्यांचा राग आला असेल." जालीम औषधे येऊन हा रोग पुरता बरा होऊ लागल्यावरही आपल्या कायद्यात महारोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते काढायला २०१९ साल उजाडले, हे इथे नमूद करून पुढे जातो.

मी मावशींना गोऱ्यांचा आक्षेप सांगितला. अर्भकाने काय केले? त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडून माझ्यापुढे ठेवला. जन्मांध माणूस रस्त्यात बसला आहे. शिष्य गुरूला विचारतात, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? म्हणजे माझ्या आत्याचाच प्रश्न, फक्त यरुशलेमातला. येशू म्हणतो, याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. कारण तो सांगतच नाही. देवाचे काम याच्या ठायी दिसावे एवढेच म्हणतो, आणि खाली वाकून माती कालवायला लागतो. लूकच्या तेराव्या अध्यायात तसाच दुसरा प्रसंग आहे. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे दगावली. ती काय जास्त पापी होती? येशू नाही म्हणतो. पण लगोलग, तुम्ही पालटला नाहीत तर तुमचाही नाश होईल, असेही म्हणतो. प्रेमळ वाक्य तेवढे उचलून हे दुसरे झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. मेलेल्यांचा निवाडा करू नका, जिवंतांनो स्वतःकडे पाहा, असा त्याचा रोख दिसतो.

ख्रिस्ती लोकांनी तरी हे कुठे ऐकले? १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लिस्बनची चर्चे भरलेली, आणि भूकंपाने शहर भुईसपाट. मालाग्रिदा नावाच्या जेझुइटाने हा देवाचा कोपच असे ठासून लिहिले. तिथल्या प्रधानाला लोकांकडून घरे बांधून घ्यायची होती, त्याला ते रुचले नाही. पुढे या म्हाताऱ्याला धर्मन्यायालयाकरवी १७६१ साली देहान्त झाला. आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ ला बिहार हादरले, तेव्हा महात्माजींनी ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटली. रवींद्रनाथांनी निषेध केला, आणि महात्माजींनी तो 'हरिजन'मध्ये छापला. महात्माजींचा रोख आमोससारखाच उन्मत्तांवर होता हे खरे. पण भूकंपाखाली गाडले गेले त्यांत हरिजनही होतेच. आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३, गणपती पोचवून गाव नुकते निजले होते. त्या दिवसांत कोपाची भाषा मी माझ्या कानांनी ऐकली आहे.

उलट मुंबईत १८९६ नंतर प्लेगने घरे ओस पडली, तेव्हा इथल्या ख्रिस्ती वाड्यांनी रस्त्यारस्त्यांवर क्रूस उभारले. माझगावच्या म्हातारपाखाडीत, गिरगावात खोताच्या वाडीत, वांद्र्याच्या गावठाणांत ते आजही आहेत. कुणीतरी झेंडूची माळ घालून जाते. ते कोप टळावा म्हणून उभारले की आधार असावा म्हणून, हे उभारणाऱ्यांनाही सांगता आले नसते. आत्याची देवीची ओटी आणि तो क्रूस यांत मला फार अंतर दिसत नाही.

एक पुस्तक मात्र मी वाचले आणि आत्याला वाचून दाखवावेसे वाटले: ईयोबाचे. सज्जन माणूस, मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर गळवे झाली. तीन मित्र समाचाराला येतात. सात दिवस गप्प बसतात, आणि त्यांनी केलेले शहाणपणाचे काम तेवढेच. मग बोलू लागतात: देव न्यायी आहे, अर्थात तू काहीतरी केले असशील. ईयोब देवाशी भांडतो. तुकोबा विठोबाशी भांडतात त्याहूनही कडक भांडतो. वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात आषाढीला टाळ कुटणाऱ्या मंडळींना ते परके वाटू नये. शेवटी वादळातून देव बोलतो. ईयोबाने विचारलेल्या 'का'चे उत्तर तो देत नाही, हे मला आजही खटकते. पण पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा कोप भडकतो तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर! माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला, असे तो म्हणतो. देवाची बाजू घेऊन दुःखिताला पापी ठरवणाऱ्यांवर देवाचे नाक तापते. मावशींचे 'कुणावर' इथे पुरे झाले.

कर्माच्या सिद्धान्ताशी मी वाढलो. त्यात कुणी रागावत नाही. पेरले ते उगवते. विचाराला ते स्वच्छ वाटते, आणि गोऱ्यांच्या तरुणपणीच्या आक्षेपाचे उत्तरही त्यात आहे. पण तिथे भांडायला समोर कुणी नसते, आणि माझ्या मुलीने मागल्या जन्मी काही केले असेल असे मला एका रात्रीपुरतेही म्हणवत नाही. कोपणाऱ्या देवाशी निदान भांडता येते. नित्य नरकाबद्दल विचाराल तर मी अजून विशीतल्या नीलकंठशास्त्र्यांच्या बाजूचा आहे. मावशींना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "तो निकाल माझ्या हातात नाही हेच बरं आहे."

आत्याला मी ईयोब वाचून दाखवला नाही. ती परत गेली आणि तिने गावी स्वतःच्या पैशाने देवीची ओटी भरली. कुंकवाची पुडी पोस्टाने आली. बायकोने ती देव्हाऱ्यात ठेवली. परवा आत्याचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न होता, "यंत्रात काही ऐकू यायला लागलं का रे पोरीला?" तिच्या आवाजात कोपाचे नाव नव्हते.

मुलीला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी घरी करायचा अभ्यास दिला आहे. ऐकू न येणाऱ्या मुलाला 'प' शिकवताना त्याच्या हातावर फुंकर सोडायची. 'म' शिकवताना त्याची बोटे आपल्या नाकावर ठेवायची, म्हणजे नाकातला कंप त्याला लागतो. संध्याकाळी हे काम मावशींकडे असते. काल मी कॉलेजातून आलो तर दोघी दारात पाटावर बसलेल्या. मुलीची दोन बोटे मावशींच्या नाकाच्या शेंड्यावर, आणि मावशी डोळे मिटून म्हणत होत्या, "म्... म्... मावशी." मुलगी एकदा त्यांचे नाक चाचपी, एकदा स्वतःचे. माझ्याकडे दोघींचेही लक्ष नव्हते.